दोरीपलीकडचा सोफा

मी वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांत विमानतळावरचा लाऊंज ही फार सभ्य जागा असे. तिथे एखादा उंच माणूस पाय लांब करून वर्तमानपत्र वाचत बसलेला असे, काचेपलीकडे धुके असे, आणि कोपऱ्यातल्या बाईला काही दुःख असलेच तर ते ती कॉफीत साखर ढवळत कुणाला त्रास न देता उरकून घेई. त्यामुळे वहिनी जेव्हा मला म्हणाली, "भाऊजी, विमानतळावर एक जागा बघून ठेवा, दहा मिनिटं कुणी मधे येणार नाही अशी," तेव्हा मी लगेच हो म्हणालो. विमानतळ मी तोवर आतून पाहिलेला नव्हता. पण मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, आणि न पाहिलेल्या गोष्टींविषयी आत्मविश्वासाने बोलायची मला पगारी सवय लागत होती.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. वाशीत राहायला येऊन आम्हाला थोडीच वर्षे झाली होती. मुंबईतले नातेवाईक अजून आमची चौकशी आम्ही दुसऱ्या देशात गेल्यासारखी करत. "तिकडे दूध मिळतं का?" असे माझ्या आत्याने पहिल्या वर्षी खरोखर विचारले होते. दूध मिळत होते. मिळत नव्हती ती जागा. बाहेर मैलभर मोकळे मैदान, खाडीचा वारा, आखलेले आणि अजून न झालेले रस्ते. आणि आत दोन खोल्यांत आम्ही आप्पा, आई, दादा, वहिनी, मी, आणि रत्नागिरीकडून कामधंदा शोधायला आलेला, त्या महिन्यापुरता जो कुणी असेल तो नातेवाईक. दादाला आखातातली नोकरी लागल्यावर तर निरोप द्यायला गावाहून सहा-सात माणसे आठवडाभर आधीच आली. ती गॅलरीत झोपत, जिन्यात दाढी करत, आणि दादा-वहिनी एकमेकांशी काही बोलू लागले की कौतुकाने ऐकायला बसत.

वहिनीला दादाशी जे बोलायचे होते ते मला माहीत होते. पनवेलच्या अध्यापक विद्यालयात तिला प्रवेश मिळाला होता. जूनपासून जायचे होते. आप्पा म्हणाले होते, "त्याला दोन वर्षांनी परत येऊ दे, मग बघू." दादा म्हणाला होता, "बरं, आप्पा." दादा तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होता, बॉयलरच्या तोंडाशी उभा राहायला तो घाबरत नसे, पण आप्पांसमोर त्याच्याजवळ "बरं, आप्पा" एवढे एकच वाक्य होते. वहिनीचे म्हणणे एवढेच होते की दादाने जायच्या आधी स्वतःच्या तोंडाने आप्पांना सांगावे, की हिला जाऊ द्या. तो एकदा विमानात बसला की संपले. पत्रात लिहायची सोय नव्हती, कारण आमच्या घरी आलेले आणि घरातून जाणारे प्रत्येक पत्र आप्पा चष्मा लावून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत, आणि शुद्धलेखन सुधारत.

आप्पा शिक्षणाच्या विरुद्ध होते असे कुणी समजू नये. विहाराच्या कमिटीत ते होते, आणि शिक्षणावर त्यांचे भाषण कायम तयार असे. ते ऐकून वस्तीतल्या दोन मुलींनी बारावीनंतर पुढे नाव घातले होते. पण नवरा परदेशात असताना सून रोज एसटीने पनवेलला जाणार, हा मुद्दा त्या भाषणात आलेला नव्हता. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला भाषण आणि अंमलबजावणी ही दोन वेगळी खाती असतात हे पक्के ठाऊक असते.

जायच्या दिवशी सकाळी घरात त्रिसरण-पंचशील झाले. आईने दादाच्या हातावर दही ठेवले. मग बिल्डिंगचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या सोसायटीत आखाताला जाणारा दादा पहिलाच. त्यामुळे चेअरमननी ठरवले होते की निरोप सोसायटीतर्फे द्यायचा. चेअरमन नव्या कांदा-बटाटा मार्केटात व्यापारी होते. गोल, उत्साही माणूस. पाण्याच्या टाकीला नवे झाकण बसवले तरी त्याचे उद्घाटन करत. प्रत्येक घराने एकेक हार आणला होता. झेंडूचे, शेवंतीचे, आणि तळमजल्यावरच्या गुजराती कुटुंबाचा चंदनाच्या तुकड्यांचा. नवा कॉफी रंगाचा सफारी सूट घातलेला दादा हळूहळू हारांच्या आत दिसेनासा झाला.

"काढायचे नाहीत हां," चेअरमन म्हणाले. "एअरपोर्टावर फोटो आहे. रोल भरून आणलाय."

"अहो, टोचतंय," दादा म्हणाला.

"टोचू दे. सोसायटीचं नाव जाणार आहे बाहेर."

विमान दुपारचे होते. चेअरमनच्या टेम्पोतून आम्ही निघालो. टेम्पो आदल्या रात्रीपर्यंत कांदे वाहत होता, आणि ते त्याला विसरायला सांगितलेले नव्हते. सतरंज्या अंथरल्या तरी सालपटे उडत होती. दिवाळे गावची मावशी वाशीच्या नाक्यावर टेम्पोची वाट पाहत उभी होती. ही कोळीण आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी विकायला येई आणि आईची मैत्रीण होती. दोघींची मैत्री मासळीच्या भावावरून भांडण्यात रोज नवी होत असे. तिने काखेत एक गाठोडे धरले होते.

"मना पन यायचंय," ती चढत म्हणाली. "पोरगा इमानानं चाललाय, नि मी काय टोपली घेऊन बसू?"

"गाठोड्यात काय आहे?" आप्पांनी विचारले.

"सोडे हायत, नि सुकट. तिकरं वाळूत त्याला कोन देनार?"

अशा रीतीने कांदा, सुकट, झेंडू आणि दादाने अंगावर ओतलेले अत्तर असे सगळे मिळून आम्ही पुलावरून मुंबईत शिरलो.

सहारच्या विमानतळात पोहोचवायला आलेल्यांनाही तिकीट काढून आत जाता येई. आत मोठे दालन होते आणि त्याला लाऊंजच म्हणत. मी दारात उभा राहून पाहिले. माझ्या कादंबरीतला उंच माणूस कुठे दिसेना. त्याच्या जागी केरळ, आंध्र, कोकण, हैदराबाद असा सगळा देश बोचक्यांसह बसला होता. एकेका प्रवाशामागे किमान वीस माणसे. खुर्च्यांवर म्हाताऱ्या, जमिनीवर चादरी, चादरींवर डबे. एका चादरीवर पुऱ्या, दुसरीवर रडणे, तिसरीवर दोन्ही. ध्वनिक्षेपकावरून एक बाई घोगऱ्या, गोड आवाजात काहीतरी सांगत होती, आणि ते आपल्याला उद्देशून असेल या भीतीने दर वेळी अर्धे दालन उठून उभे राहत होते.

दादाने सामान दिले, विमानात बसायचा पास घेतला आणि आमच्यात परत आला. पासपोर्ट तपासायला आत जायला अजून वेळ होता. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी कामाला लागलो.

पहिली जागा मी शोधली ती टेलिफोनच्या खोक्यांमागे. तिथे दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, कारण त्यांच्या डोक्यावर पंखा नव्हता. दादा-वहिनीला मी तिथे बसवले आणि पाच पावले दूर जाऊन उभा राहिलो. दादाच्या हातात मावशीचे गाठोडे होते. मला खरे तर त्याचा आधार वाटत होता; सुकटीच्या वासाने लोक जरा लांब राहतील असा माझा हिशेब होता. तो चुकला. थोड्याच वेळात एक अनोळखी कुटुंब वास हुंगत हुंगत जवळ आले, आणि त्यातले आजोबा दादाला म्हणाले, "तुमी खेडकडचे काय हो?" खेडकडचे नव्हतो, पण शेजारच्या तालुक्यातले निघालो. मग त्यांचा कुणी चुलता आणि आमचा कुणी मामा एका शाळेत होते हे सिद्ध होईपर्यंत ते सगळे बसले. वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसून त्यांना पाणी दिले.

दुसरी जागा वरच्या मजल्यावर, काचेपाशी. तिथून विमाने दिसत. तिथे एक बाक मिळाला. पण विमाने दिसतात ही बातमी मावशीला लागली.

"आगो बाय, केवरा मोठा!" ती काचेला नाक लावून ओरडली. "आन ह्याला पंख हालवायला नाय लागत? रे दादा, तू कोनच्या खिरकीत बसनार? मना दाखव. मी तिथूनशान हात करीन."

दादा उठून तिला दाखवू लागला. मागोमाग गावाकडची सगळी मंडळी आली. वहिनी बाकावर एकटी उरली, तर तिला एकटे वाटू नये म्हणून दोन काकू तिच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या. आपल्याकडे एकट्या माणसाला सोबत द्यायची पद्धत आहे. दोघे असतील तर ती दुप्पट देतात.

तिसरी जागा उपाहारगृहात. तिथला चहा इतका महाग होता की आमच्यापैकी कुणी आत येणार नाही याची मला खात्री होती. दादा आणि वहिनी कोपऱ्यातल्या टेबलाशी समोरासमोर बसले. तुरेवाला फेटा घातलेल्या वेटरने दादाच्या हारांकडे आदराने पाहिले. वहिनीने बोलायला तोंड उघडले, आणि दारातून आवाज आला, "अरे, इथे बसलात होय! आम्ही तिकडे शोधतोय!" चेअरमन. मागे आप्पा. चेअरमननी तीन टेबले जोडली, सगळ्यांना चहा सांगितला, कप उचलून फोटो काढला आणि मग खुर्ची सरकवून उभे राहिले. ते उभे राहिले की काय होणार हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होते.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "आज आपल्या सोसायटीचा सुपुत्र..."

त्या भाषणात सोसायटी पाच वेळा आली, देश दोनदा आणि दादा एकदा. मध्येच गच्चीच्या गळतीचाही उल्लेख होता. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी कपातल्या सायीकडे बघत होती. मला तिच्या चेहऱ्यावर प्रथमच भीती दिसली. तोवर ती धीराने हसत होती. आता ती भिंतीवरचे घड्याळ बघू लागली होती.

उपाहारगृहातून बाहेर पडल्यावर मी दालनाच्या टोकापर्यंत चालत गेलो. आणि तिथे मला ती जागा दिसली. जमिनीवर लाल गालिचा. त्यावर लाल सोफे, पांढऱ्या टॉवेलांनी पाठी झाकलेले. दोन कुंड्यांत पाम. मधल्या टीपॉयवर गुलाबांचा गुच्छ. चारही बाजूंनी जाड मखमली दोरी, आणि दोरीपाशी छातीवर लाल पट्टा आणि पितळी बिल्ला लावलेला एक पट्टेवाला. कुणी राज्यमंत्री शेतीच्या अभ्यासासाठी युरोपच्या दौऱ्यावर निघाले होते, त्यांची वाट बघणे चालू होते. एवढ्या गर्दीत, जिथे लोक एकमेकांच्या ट्रंकांवर बसले होते, तिथे हे सोफे कोरे पडले होते. कुणी त्यांच्याकडे बघून चिडतही नव्हते. आपल्या देशात रिकामी जागा मिळत नाही ही तक्रार खोटी आहे. ती मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेली असते, आणि ती मोठी माणसे बहुधा दुसरीकडे असतात.

मी परत वळणार तेवढ्यात आमचा घोळका मागून आलाच. सगळ्यांत पुढे चेअरमन, उलटे चालत, दादाचा फोटो घेत. मध्ये दादा, हनुवटीपर्यंत हार, सफारी सूट, काळा चष्मा, तोही चेअरमननीच फोटोसाठी दिलेला. अर्धे पाऊल मागे वहिनी. आणि पाठीमागे आप्पा, आई, काकू, मावशी, गावाकडची माणसे, सगळे जण शिस्तीत, कारण चेअरमन सारखे ओरडत होते, "मागे राहा, मागे राहा, फ्रेममध्ये येऊ नका."

पट्टेवाल्याने हे दृश्य पाहिले आणि त्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्याने मखमली दोरीचा हूक काढला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "या साहेब. इकडून. बाई, या."

दादा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मला कुणी काही विचारलेलेच नव्हते. ओळखपत्र, पास, नाव, काहीही नाही. फुले पुरेशी होती. दादा सवयीप्रमाणे "बरं" म्हणाला आणि आत गेला. वहिनी गेली. माझ्या हातात दादाची बॅग होती, तेव्हा मी त्यांचा सेक्रेटरी असणार, म्हणून मलाही आत घेतले गेले आणि टोकाच्या खुर्चीकडे बोट दाखवण्यात आले. मग पट्टेवाल्याने हूक अडकवला, दोन्ही हात पसरले आणि बाकीच्यांना म्हणाला, "मागे व्हा. साहेबांना जरा निवांतपणा हवाय."

चेअरमनना अपमान वाटला असेल असे मला वाटले. उलट त्यांचा चेहरा उजळला. सोसायटीची कीर्ती आपल्या आधी विमानतळावर पोहोचली आहे असा त्यांचा समज झाला असावा. ते स्वतःच लोकांना मागे सारू लागले.

इतक्या खटपटीनंतर मिळालेल्या एकांतात नवरा-बायको काय बोलतात? मला ऐकायचे नव्हते, पण सेक्रेटरीची खुर्ची फार लांब नव्हती.

"लोणच्याची बरणी कपड्यांत ठेवलीय," वहिनी म्हणाली.

"हं."

"झाकणाला प्लास्टिक बांधलंय."

"बरं केलंस."

पट्टेवाल्याने दोन थंड पेये आणून पुन्हा वाकून टीपॉयवर ठेवली आणि पाय न वाजवता गेला. दादाने काळा चष्मा काढला.

"तू बस ना नीट," तो म्हणाला. "अशी कडेला का बसलीस?"

"सोफा मऊ आहे फार. बुडायला होतं."

दोघे हसले. आणि हसता हसताच वहिनी म्हणाली, "तुम्ही आप्पांना सांगा. मी नाही सांगू शकत. तुम्हीच सांगितलं पाहिजे, आणि आत्ता."

"मी तिकडून लिहितो ना त्यांना—"

"तिकडून तुम्ही 'मी सुखरूप आहे' एवढंच लिहाल. मला माहीत आहे." तिचा आवाज वाढला नाही. "दोन वर्षं मी काय करू त्या घरात? गॅलरीत उभी राहून वाट बघू? तुम्ही म्हणालात तर बघीनही. पण मग तसं म्हणा माझ्यासमोर. 'जाऊ नकोस' म्हणा. आप्पांच्या नावावर घालू नका."

दादाने हारातली एक पाकळी तोडली. मग दुसरी.

"मी नाही म्हणणार 'जाऊ नकोस'," तो अखेर म्हणाला.

"मग?"

"आप्पांना बोलव," दादा मला म्हणाला. समोरचे थंड पेय तो विसरला होता.

मी वळून पाहिले. आप्पा दोरीपाशीच होते. इतर मंडळी कंटाळून खाली बसली होती, मावशीने तर पाय लांब केले होते. पण आप्पा उभे होते. टोपी काढून हातात धरलेली, सदऱ्याचे वरचे बटण लावलेले, नजर पट्टेवाल्याच्या खांद्यावरून किंचित खाली. ते उभे राहणे मी लहानपणी त्यांच्या कचेरीत डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिले होते. आत साहेब असले की आप्पा केबिनच्या दाराबाहेर असेच उभे राहत.

आई त्यांना म्हणत होती, "अहो, जा की आत. आपलाच मुलगा आहे तो."

"असू दे," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आत बोलणं चाललंय. बोलावलं की जाऊ."

मी पट्टेवाल्याला म्हणालो, "त्यांना आत सोडा." त्याने आप्पांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, हूक काढला आणि बजावले, "थोडक्यात आटपा हां."

"हो, हो," आप्पा म्हणाले, आणि गालिच्याच्या कडेला चपला काढून आत आले.

ते सोफ्यासमोर येऊन उभे राहिले. दादा उठायला गेला, पण वहिनी म्हणाली होती तसे सोफा फार मऊ होता आणि हारांचे ओझे होते. तो पुन्हा मागे पडला. त्यामुळे दादा बसलेला आणि आप्पा उभे, असे चित्र झाले. ते आमच्या घरात त्याआधी कधी झालेले नव्हते.

"आप्पा," दादा म्हणाला, "हिला जूनपासून पनवेलला जाऊ द्या. मला वाटतं, जायला पाहिजे."

मी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिथे हेडक्लार्क आणि बाप दोघे होते आणि दोघांत कोण बोलणार हे क्षणभर ठरेना. बापाने दादाकडे पाहिले असते तर 'परत आल्यावर बघू' हेच आले असते. पण हेडक्लार्कने पाहिला तो लाल सोफा, पांढरा टॉवेल, टीपॉयवरचे गुलाब आणि पाठीमागे हात बांधून उभा असलेला पट्टेवाला. तीस वर्षांच्या नोकरीत अशा सोफ्यावरून आलेल्या गोष्टीला आप्पांनी कधी 'नाही' म्हटलेले नव्हते.

"जूनपासून?" त्यांनी विचारले.

"हो."

"बरं," आप्पा म्हणाले.

दादाचे ते वाक्य आप्पांच्या तोंडून ऐकून वहिनीने पदराचे टोक तोंडात धरले. आप्पा दोन पावले मागे सरकले, पाठ न दाखवता, आणि मग मध्येच थांबले. आपण कुठे आहोत हे त्यांना त्या क्षणी उमगले असावे. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "पाणी उकळून पीत जा तिकडे," ते दादाला म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम घरचा झाला. दादा या वेळी धडपडत उठलाच. पायावर वाकताना त्याचे अर्धे हार गालिच्यावर पडले.

त्यानंतर सगळे झपाट्याने झाले. ध्वनिक्षेपकावरची बाई खरोखरच दादाच्या विमानाविषयी बोलली. रडणे, मिठ्या, मावशीचे गाठोडे बॅगेत कोंबणे, चेअरमनचा रोल संपणे. दादा पासपोर्टाच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि त्या रांगेतल्या शे-दोनशे सफारी सूटांत मिसळून गेला. वहिनी रांगेअलीकडच्या काचेपाशी शेवटपर्यंत उभी होती. तिने हात हलवला नाही. नुसती बघत राहिली, आणि तो दिसेनासा झाल्यावर पदराने काच पुसली, जणू त्या काचेमुळेच तो दिसत नव्हता.

मी विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला सोफ्यांकडे गेलो. तिथे एक अधिकारी पट्टेवाल्याला सांगत होता की राज्यमंत्री केव्हाच दुसऱ्या दाराने गेले, गालिचा उचला. पट्टेवाल्याने माझ्याकडे पाहिले.

"मग हे कोण होते?"

"माझा भाऊ," मी म्हणालो. "फिटर आहे."

त्याचा चेहरा पडला. रागावण्यापेक्षा फसल्यासारखा. "आणि मी एवढा वाकलो," तो म्हणाला. "दोनदा."

परतताना टेम्पो पुलावर आल्यावर आप्पांनी घसा खाकरला आणि चेअरमनना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "सूनबाईला पनवेलला घालायचं ठरवलंय मी. जूनपासून."

"वा! वा!" चेअरमन म्हणाले. "सोसायटीतर्फे सत्कार करू."

"आधी पास होऊ दे," आप्पा म्हणाले.

वहिनीने मान खाली घातली होती. ती हसत होती की रडत होती ते मला दिसले नाही. आईने तिच्या केसांतले कांद्याचे सालपट काढले. खाडी ओलांडून टेम्पो वाशीत शिरला. आप्पा बराच वेळ बाहेरच्या रिकाम्या मैदानांकडे बघत होते. मग मावशीकडे झुकून, चेअरमनना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारले, "तुम्ही जाता ना पनवेलच्या बाजूला मासळी घेऊन? सकाळची एसटी कशी असते हो? बायकांना बसायला जागा मिळते?"

"मिलते की," मावशी म्हणाली. "मी हाय ना. माज्या टोपलीजवल कोन उभा नाय रात. सुनेला माज्या बाजूला बसवीन."

आप्पांनी जरा विचार केला. "बरं," ते म्हणाले.